हिरकणी ट्रेकला गेली नव्हती

पॉडकास्टच्या मागच्या भागात माचू पिचूचा विषय निघाला, तेव्हा मी जाता जाता एक वाक्य बोलून गेले होते की, "यावर मी एक वाईट लेख लिहिलाय." भाग संपला, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते वाक्य धरून ठेवलं. कुठे आहे लेख, वाचायला द्या ना, इतका काय वाईट असेल! लेख देत नाही. पण तो वाईट का आहे, हे सांगते. माझ्या एकटीच्या लेखाचा दोष असता तर तुमचा वेळ घेतला नसता. तो दोष आपण सगळे मिळून करतो. मराठीत करतो, इंग्रजीत करतो, रील्समध्ये तर करतोच करतो.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी जर्मनीतली पीएचडी संपवून मी इथे, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला पोस्टडॉक म्हणून आले. पहिल्या मोठ्या सुट्टीत पेरूला गेले, चार दिवसांचा इन्का ट्रेल केला आणि परत आल्यावर इथल्या एका मंडळाच्या दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहिलं. ते आईने व्हिडिओ कॉलवर आजीला वाचून दाखवलं. माझी आजी वेल्ह्याकडची, तोरण्याच्या घेऱ्यातली. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "समदं छान हाय. पन तुमचं जेवन कुनी वाहिलं वर?"

मी लेख पुन्हा उघडून पाहिला. दोन हजारांच्या आसपास शब्द. त्यात माझ्या गुडघ्यावर एक परिच्छेद होता, माझ्या श्वासावर दोन, सूर्योदयावर तीन. आम्ही बारा जण होतो आणि आमच्याबरोबर अठरा पोर्टर होते. तंबू, गॅसची टाकी, भांडी, बटाटे, अंडी सगळं पाठीवर घेऊन ते आमच्या पुढे पळत जायचे आणि आम्ही धापा टाकत पोचायच्या आत सूप तयार ठेवायचे. या अठरा जणांवर माझ्या लेखात एक वाक्य होतं: "काटक, हसतमुख पोर्टर वाऱ्यासारखे पुढे निघून गेले."

बस, एवढंच. तर आज समीक्षा करायचीय ती आधी या वाक्याची, आणि मग ते जिथून आलं त्या परंपरेची.

'काटक' हा शब्द घ्या. आपण तो कोणासाठी वापरतो? मावळ्यांसाठी, शेर्पांसाठी, डोंगरातल्या धनगर-ठाकरांसाठी, विटा वाहणाऱ्या बाईसाठी. आयटीतल्या माणसाने मॅरेथॉन काढली तर तो 'फिट' असतो, काटक नसतो. काटक म्हटलं की ओझ्याचं वजन कमी होतं. माणूस मुळातच असा घडलाय, त्याला काय त्याचं, असा एक सुटकेचा श्वास त्या शब्दात आहे. आणि इथे विज्ञानसुद्धा आपल्या मदतीला धावून येतं, कारण अँडीजमध्ये हजारो वर्षं राहिलेल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं, हे खरंच आहे. पण जास्त हिमोग्लोबिन असलेल्या माणसाचीही पाठ दुखते. पोर्टरच्या पाठीवर किती ओझं असावं यासाठी पेरूला २००१ मध्ये कायदा करावा लागला आणि २० किलोची मर्यादा घालावी लागली. ते नुसते काटक असते तर कायद्याची गरज काय होती?

आता जरा उंचीबद्दल बोलू, कारण या लेखनप्रकाराचा अर्धा डोलारा उंचीवर उभा आहे. कुस्को शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३४०० मीटरवर आहे. तिथे हवेत ऑक्सिजनचं प्रमाण पुण्याइतकंच, सुमारे २१ टक्के. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो, डोकं दुखतं, झोप लागत नाही, भूक मरते. इन्का ट्रेलवरची सर्वांत उंच खिंड ४२१५ मीटरवर आहे. तिथे दाब साठ टक्क्यांच्या आसपास उतरतो. तुलनेसाठी, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या छपरापेक्षा कुस्कोतला बाजार दुपटीहून उंच. सह्याद्रीत आपण धापा टाकतो त्या चढाने आणि दमटपणाने. विरळ हवेचा त्यात फारसा हात नसतो. त्यामुळे "मी राजगड केलाय, मला काय होतंय" हा हिशेब तिकडे चालत नाही. २५०० मीटरच्या वर गेलात तर शरीराला वेळ द्यावा लागतो. ३००० च्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खरा उपाय.

हे माहीत असणं गरजेचं आहे, पण याचा लिहिण्यावर एक विचित्र परिणाम होतो. दम लागला की माणसाला फक्त स्वतःचं शरीर जाणवतं. लेखक नायक होतो, डोंगर खलनायक होतो आणि बाकीचे सगळे नेपथ्य. त्या खिंडीवर मी दहा पावलं चालायचे आणि थांबायचे. तेवढ्यात बाजूने कोण गेलं, त्याच्या पायात काय होतं, हे मला दिसत होतं, पण लिहायला बसले तेव्हा आठवला तो माझा श्वास. आणि आकडे काय सांगतात बघा. इन्का ट्रेलवर दिवसाला साधारण ५०० माणसांनाच परवानगी मिळते, त्यात प्रवासी असतात दोनशेच्या आसपास. उरलेले वाटाडे, स्वयंपाकी, पोर्टर. म्हणजे त्या वाटेवर चालणाऱ्या दर पाच माणसांतली तीन कामावर असतात. माझ्या लेखात मात्र ती वाट निर्मनुष्य होती. "एकांत" हा शब्द मी चार वेळा वापरला होता.

हा साचा मी शोधलेला नाही. तो आहे हायरम बिंगहॅमचा. येल विद्यापीठातला हा प्राध्यापक २४ जुलै १९११ ला माचू पिचूवर पोचला. एप्रिल १९१३ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने त्याच्या मोहिमेला जवळजवळ अख्खा अंक दिला. १९४८ मध्ये त्याचं 'लॉस्ट सिटी ऑफ द इन्काज' हे पुस्तक आलं आणि 'हरवलेलं शहर' हे शब्द जगाच्या तोंडी बसले. पण ते पुस्तक नीट वाचा. मेल्चोर आर्तेयागा नावाच्या तिथल्याच शेतकऱ्याने त्याला वाट दाखवली. वर पोचल्यावर इन्कांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात पिकं काढणारी कुटुंबं भेटली. त्यांनी पाहुण्याला भोपळ्याच्या भांड्यातून गार पाणी दिलं, उकडलेली रताळी दिली. मग एका लहान मुलाने त्याला अवशेष फिरवून दाखवले. आता सांगा, ज्या गावात तुम्हाला रताळी मिळतात ते गाव हरवलेलं कसं?

एवढंच नाही. आगुस्तिन लिसारागा नावाच्या माणसाने १९०२ मध्येच तिथल्या एका देवळाच्या भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं. बिंगहॅमने स्वतःच्या टिपणवहीत त्याला शोधकर्ता म्हणून नोंदवलंही होतं. पुढे कथा जशी रंगत गेली तसं ते नाव फिकट होत गेलं. शिवाय बिंगहॅमला वाटलं की हेच इन्कांचं शेवटचं ठाणं विल्काबाम्बा. तेही चुकलं. ते दुसरीकडेच होतं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी तो तिथेही जाऊन आला होता.

मला बिंगहॅमला झोडायचं नाही. तो धाडसी होता, कष्टाळू होता, आणि रताळ्यांची नोंद त्यानेच केलीय. माझा मुद्दा वेगळा आहे. तपशील लेखकाच्या हातात होते, तरी कथेच्या साच्याने ते गिळले. माझ्या लेखातलं एक वाक्य असं होतं: "ढगांचा पडदा सरला आणि हरवलेलं शहर समोर उभं राहिलं." पडदा म्हणजे नाटक, आणि मी प्रेक्षक. हरवलेलं, म्हणजे कोणासाठी? आणि उभं राहिलं, जणू इतकी वर्षं माझीच वाट बघत बसलं होतं. हे वाक्य मी सूर्यद्वाराशी उभी राहून सुचलं म्हणून लिहिलं असं मला वाटत होतं. खरं तर ते शंभर वर्षांपूर्वीच लिहून तयार होतं.

"बरं, ते गोऱ्यांचं झालं. आपण आपल्या गडांवर असं लिहीत नाही," असं म्हणाल तर थांबा जरा. आपला साचा वेगळा आहे, पण साचा आहेच. आपल्याकडे 'हरवलेलं' नसतं, 'ऊर भरून येणं' असतं. पहाटेची एसटी, टॉर्च, दगडी पायऱ्या, महादरवाजा, अंगावर काटा, आणि शेवटी आजच्या पिढीला दोन कानपिचक्या. या लेखनात गड एकदम सतराव्या शतकातून थेट आपल्या सेल्फीत येतो. मधली तीनशे वर्षं गायब.

उदाहरणार्थ, हे अवशेष झाले कसे? अवशेष आपोआप होत नाहीत. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली आणि वाडे जळाले. त्यानंतर कितीतरी गडांच्या पायऱ्या, वाटा, दरवाजे त्यांनी ठरवून पाडले, पुन्हा कोणी तिथे ठाण मांडू नये म्हणून. ज्या निसरड्या कातळटप्प्याला आपण 'थरारक' म्हणून रीलमध्ये टाकतो, तो कधीकधी कोणीतरी मोडलेला जिना असतो. किती ट्रेक-वर्णनांत हे वाचलंय तुम्ही?

रायगडावरच्या समाधीचंच बघा. तिचा 'शोध' फुल्यांनी लावला की टिळकांनी जीर्णोद्धाराची चळवळ करून ती पुढे आणली, यावर आजही सभांमधून वाद झडतात. दोघांचं काम मोठं आहे. फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला, टिळकांनी १८९६ मध्ये गडावर उत्सव केला. पण 'शोध' हा शब्द मात्र दोन्ही बाजू बिंगहॅमच्याच अर्थाने वापरतात. पाचाडच्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या माणसांना तो गड कधी हरवला होता का, असं कोणी विचारत नाही.

याच्या उलट आपल्याकडे एक फार जुनी शहाणी नजर आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' वाचा. त्यातलं गडांचं प्रकरण अंगावर काटा आणत नाही. ते पाण्यापासून सुरू झाल्यासारखं वाटतं: गड बांधण्याआधी पाणी बघा, एका झऱ्यावर भरवसा ठेवू नका, टाकी खोदा, झाडं लावा, ती जपा, गडावर आणि घेऱ्यात राहणारी माणसं कोण असावीत ते ठरवा. 'घेरा' म्हणजे गडाच्या पायथ्याचा, गडाला बांधलेला मुलूख. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही आजही महसुली गावांची नावं आहेत. आज्ञापत्राच्या दृष्टीने घेऱ्याशिवाय गड म्हणजे नुसता उंच दगड. आपलं आजचं लेखन मात्र बालेकिल्ल्यावर जाऊन बसतं आणि घेऱ्याकडे पाठ करून सूर्योदय बघतं. माझ्या आजीने तिच्या प्रश्नात नेमकं हेच पकडलं होतं. ती घेऱ्यातूनच बोलत होती.

मग मराठीत कोणी घेऱ्यातून लिहिलंय का? लिहिलंय, गो. नी. दांडेकरांनी. ज्यांनी त्यांचं नाव फक्त मृणाल कुलकर्णीचे आजोबा म्हणून ऐकलंय, त्यांच्यासाठी सांगते. गोनीदा (१९१६–१९९८) लहान वयात घर सोडून स्वातंत्र्यचळवळीत उतरले, गाडगे महाराजांबरोबर राहिले, नर्मदा परिक्रमा केली, नंतर तळेगावला स्थायिक झाले आणि आयुष्यभर गड चढत राहिले. मला त्यांची 'दुर्गभ्रमणगाथा' आणि 'माचीवरला बुधा' इथे हवी होती. आमच्या विद्यापीठाच्या पॅटी ग्रंथालयातून आंतरग्रंथालय सेवेने दुसऱ्या विद्यापीठाची प्रत मागवली. अमेरिकन ग्रंथालयांत इतकी मराठी पुस्तकं कशी, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर त्याचं उत्तर गव्हात आहे. पीएल-४८० खाली भारताने घेतलेल्या धान्याचे पैसे रुपयांत फेडले जायचे, आणि त्यातल्या काही रुपयांतून १९६० च्या दशकापासून भारतीय पुस्तकं विकत घेऊन इकडे पाठवली गेली. माझ्या हातातला बुधा म्हणजे एका अर्थी गव्हाचा मोबदला.

गोनीदांचं वेगळेपण कशात? त्यांच्यासाठी गड हे कोणाचं तरी घर आहे. 'पवनाकाठचा धोंडी'मधला धोंडी तुंगचा हवालदार. गडाचं लढाऊ काम कधीच संपलं, पण हवालदारी त्याच्या घराण्याला चिकटून राहिली आणि तिचा अभिमान हीच त्याची अडचण झाली. 'माचीवरला बुधा'मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीजवळच्या पठारावर परत येतो. 'जैत रे जैत'मधला नाग्या कडा चढतो, पण तो मधमाश्यांशी असलेलं वैर घेऊन. त्या चढण्याला कारण आहे, किंमत आहे, आणि ती किंमत फार जड आहे. (कादंबरी नसेल वाचली तर जब्बार पटेलांचा १९७७ चा सिनेमा तरी बघा.) या पुस्तकांत कोणीही 'व्ह्यू' बघायला वर जात नाही. पाऊस, सरपण, गुरं, पाण्याची वाट हे सगळं आधी येतं, आणि मग कधीतरी, काम करता करता मान वर केल्यावर, डोंगर सुंदर दिसतो. सौंदर्याचा तो क्रम मला फार खरा वाटतो.

पण मी इथे आरती ओवाळायला बसलेले नाही. या वेळी वाचताना मला बुधा खटकलाही. त्या जगात शहर म्हणजे गोंगाट आणि डोंगर म्हणजे शांती, ही वाटणी फारच पक्की आहे. बुधा परत येतो ते आपल्याला हवं तसं: एकटा, समाधानी, काही न मागता. त्याला दवाखाना लागत नाही, रस्ता लागत नाही, पोराच्या शाळेची फी भरायची नसते. त्याचं सुख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर लिहिणारा माणूस त्याच्यावर इतकं प्रेम करतो की त्याला बदलायची परवानगीच उरत नाही. हे 'काटक'चं सुंदर रूप आहे. काटक माणसाला ओझं लागत नाही, बुधाला उणीव लागत नाही. आणि आपण परदेशात बसून हे वाचतो तेव्हा आणखी घोळ होतो. आपल्यालाही परत जायचं असतं, किंवा जायचं नसतं पण जायचं आहे असं म्हणायचं असतं. मग बुधा आपल्या वतीने परत जातो, आणि आपण डोळे पुसून ऑफिसला जातो. मी स्वतः पॅटीच्या तळमजल्यावर बसून रडलेय, म्हणून सांगतेय.

आजच्या राजमाचीत जा. उधेवाडीत घरोघरी जेवणाची सोय आहे. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला शहरातून झुंडी येतात. आजचा बुधा पहाटे उठून पन्नास जणांचं पिठलं रटरटवतो, पोरगा मोबाइलवर बुकिंग घेतो. त्याच्यावर कादंबरी कोण लिहिणार? गोनीदांनी गडावरच्या माणसाला नाव दिलं, हे मोठं काम. त्या माणसाला पैशाचा हिशेब आणि तक्रार देणं हे पुढचं काम, आणि ते आपल्या पिढीने अजून केलेलं नाही.

आता हिरकणी. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. दूध विकायला रायगडावर आलेली गवळण, सूर्य मावळल्यावर बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. कोजागिरी, बुरुज, सिनेमा, सगळं तुम्हाला माहीत आहे. इतिहास म्हणून तिचा पुरावा काय, हा वेगळा विषय. पण गोष्ट म्हणून बघा: आपल्याकडच्या गडांची सर्वांत लाडकी कड्याची गोष्ट ही ट्रेकची गोष्टच नाही. हिरकणी कामावर आली होती. तिचा गडाशी संबंध दुधाचा. तिला कडा माहीत होता की नव्हता, भीती वाटली की नाही, हे सगळं नंतर. आधी घरी मूल होतं. आणि गोष्ट हेही सांगते की सकाळी गडकऱ्यांना कळलं ते काय? की त्यांच्या अभेद्य तटाला एक वाट आहे, आणि ती दूधवालीला सापडली. घेऱ्याला गड जितका कळतो तितका बालेकिल्ल्याला कळत नाही, हे त्या गोष्टीने कधीच सांगून ठेवलंय. आपण मात्र तिच्यातली आई तेवढी उचलली आणि दूधवाली सोडून दिली.

इथे स्टेट कॉलेजमध्येही डोंगराची एक गोष्ट आहे. आमच्या गावाशेजारचा माउंट निटनी, दोन हजार फुटांच्या आसपासचा. शनिवारी सकाळी आम्ही आठ-दहा मराठी मंडळी तिथे जातो, वर बसून चिवडा खातो. निटनी नावाच्या राजकन्येच्या मरणानंतर हा डोंगर वर आला, अशी दंतकथा इथे सगळ्यांना सांगतात. ती हेन्री शूमेकर नावाच्या लेखकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली. मूळ रहिवाशांची म्हणून खपवलेली ही गोष्ट बहुतेक त्याच्याच डोक्यातून आलेली. तिच्यात राजकन्या आहे, प्रेम आहे, मरण आहे. काम नाही. हिरकणीच्या शेजारी ठेवा, फरक लगेच कळेल.

काम बघायचं असेल तर डोंगर उतरून कॉलेज अव्हेन्यूवर या. रस्त्याच्या कडेला दगडांचा एक बुटका मनोरा उभा आहे. ही सेंटर फर्नेस, १७९१ मध्ये उभारलेली लोखंडाची भट्टी. बहुतेक लोक त्याच्याजवळून गाडीने निघून जातात. मी माती शिकते, त्यामुळे माझं त्या भट्टीशी रोजचं नातं आहे. असल्या भट्टीला लाकडाचा कोळसा लागायचा. एका भट्टीला दिवसाला एकरभर जंगल लागे असं सांगतात. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर, झाडांमध्ये, दहा-पंधरा मीटर रुंदीच्या सपाट गोल जागा सापडतात. वरून काही दिसत नाही. पण हाताने पाला बाजूला करा, खाली माती काळीभोर. तिथे लाकडाचे ढीग मातीने झाकून धुमसत ठेवायचे, आणि कोळसा पाडणारा माणूस आठवडेच्या आठवडे शेजारी खोपटात राहून तो ढीग राखायचा. एक ठिणगी चुकली तर सगळं जळून खाक. त्यांची नावं कुठेच नाहीत. भट्टीच्या मालकांपैकी जेम्स अर्विनने १८५५ मध्ये दोनशे एकर जमीन दिली आणि तिथे जी शेतकी शाळा उभी राहिली, तीच आजची पेन स्टेट. म्हणजे माझी पोस्टडॉकची खुर्ची त्या काळ्या मातीवर उभी आहे.

माचू पिचूच्या दगडांखालीही अशी माणसं आहेत. २०२३ मध्ये तिथल्या थडग्यांतल्या ३४ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही राजवाड्याच्या सेवेतली माणसं, आणि ती साम्राज्याच्या टोकाटोकांतून, अगदी अॅमेझॉनच्या जंगलाकडून आणलेली निघाली. तो 'एकांत' ज्यांनी झाडला, शिजवला, वाहिला, ती ही माणसं. आपल्या रायगडावर निदान बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेलं आहे. आपण देवळात शिरताना वर बघतो, नाव पायाशी असतं.

हे सगळं आत्ता का सांगतेय? ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले, महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फटाके फुटले, माझ्याही. पण आता या गडांवर इंग्रजीतून, मराठीतून, जगभरातून लिहिलं जाणार. त्यातलं बरंच तुम्ही लिहिणार, कारण तुम्हाला दोन्ही भाषा येतात आणि सुट्टीत तुम्ही मित्रांना घेऊन जाणार. पन्हाळ्यावर अख्खं गाव नांदतं, तिथे नगरपरिषद आहे. तिथल्या माणसाला वारसा म्हणजे घराचं छप्पर दुरुस्त करायला परवानगी मिळणार की नाही, हा प्रश्न आहे. जर आपण तिथेही 'हरवलेलं' आणि 'ऊर भरून' एवढंच लिहिलं, तर त्या घरांना कोणी अडथळा म्हटल्यावर आपल्या लेखांत त्यांच्या बाजूने एक ओळही सापडणार नाही. सुंदर चित्राच्या मध्ये येणारी माणसं अशीच हलवली जातात.

म्हणून पुढच्या वेळी गडावरचा कुठलाही लेख वाचाल, किंवा लिहाल, तेव्हा आजीचा प्रश्न विचारून बघा. पाणी कोणी दिलं, जेवण कोणी वाहिलं, वाट आधीपासून कोणाला माहीत होती, आणि पायऱ्या कोणी मोडल्या. उत्तर नसेल तर लेख अजून बालेकिल्ल्यावरच बसलाय. ऊर भरून येऊ द्या, त्याला माझी ना नाही. नुसतं त्याच्याआधी खाली बघा.

मी माझा लेख दुरुस्त करायला घेतला होता. पहिल्या संध्याकाळी अठराही पोर्टरनी एकेक पाऊल पुढे येऊन आपलं नाव आणि गाव सांगितलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मला एकही नाव आठवत नाही. चारशेहून जास्त फोटो चाळले. एका फोटोत, माझ्या खांद्यामागे, निळ्या ताडपत्रीखाली वाकलेला एक जण अर्धा आलाय. चेहरा कापला गेलाय. लेख तिथेच थांबलाय.

त्याऐवजी आता दर रविवारी आजीला फोन करते आणि रेकॉर्डर चालू ठेवते. मागच्या रविवारी ती नवरात्रात मेंगाईला जायच्या वाटेबद्दल सांगत होती. कुठल्या वळणाला दगड सुटा आहे, कुठलं टाकं प्यायचं आणि कुठलं गुरांचं. दर्शनाचं काही सांगशील का, असं मी विचारलं. "ते वर गेल्यावं," म्हणाली. "अजून आपन वाटंतच हाय."